घाटाचं घड्याळ आणि माझं पहिलं कार्ड

माझा धंदा जळालेल्या मोटारींचा. मंचरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत टाकून आणतो आणि उतरवता उतरवता सांगतो, "नाना, कालपर्यंत एकदम चांगली चालू व्हती." इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने "तीनाऐवजी दोनच फेज असताना मीच चालवली" असं कबूल केलेलं मला आठवत नाही. आमच्या भागात मोटार आपली आपणच जळते.

ज्यांनी मोटारीचं पोट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो जळाला की तारा एकमेकींना चिकटतात आणि मोटार बसते. मग जुनी तार उपटायची, नवी तेवढ्याच वेढ्यांची भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. डोकं कमी लागतं, बोटं जास्त लागतात. म्हणून तर मी या धंद्यात टिकलो.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. एक जण मोटारीला लिंबू-मिरची बांधून आणायचा. मी त्याला म्हणायचो, बाबा, लिंबू बांधतोस तसं स्टार्टरला अर्थिंगही बांध. तो म्हणायचा, त्याची काय गरज नाय. आमच्याकडे अर्थिंगच्या तारेची हीच पत. तीन पिनांचा प्लग आणला की पहिलं काम म्हणजे जाडी पिन पकडीने मोडायची, म्हणजे तो कुठल्याही बोर्डात बसतो. मीही काही वेगळा नव्हतो. लोकांना उपदेश करायचो आणि माझ्या दुकानातल्या ग्राइंडरची ती तार टेबलाखाली लोंबत असायची.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हटल्यावर मी अशा शंभर मोटारी लिहू शकलो असतो. पण ज्या कामाचं मला अजून हसू येतं आणि अजून थोडा घामही फुटतो, ते मोटारीचं नव्हतंच. ते होतं कॉम्प्युटरचं. आणि कॉम्प्युटरमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं.

निमगाव साव्याची सुमन एक दिवस स्कूटरच्या मागच्या सीटवर जुनाट कॉम्प्युटर दोरीने बांधून दुकानात आली. तिचे वडील लाउडस्पीकर आणि मांडववाले. यात्रांच्या मोसमात त्यांचं खरं उत्पन्न मात्र बैलगाड्याच्या घड्याळाचं. जुन्नर-आंबेगावात चैत्र लागला की गावोगाव यात्रा, आणि यात्रा म्हणजे बैलगाडा. चढणीवर आखलेला घाट असतो, एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. म्हणजे शर्यत खरी घड्याळाशी. दिवसभरात सगळ्यात कमी वेळात जो चढेल तो घाटाचा राजा. पूर्वी वेळ घ्यायला हातात घड्याळ घेतलेली माणसं बसायची, आणि त्यांचा अंगठा नात्यागोत्याप्रमाणे हलायचा. त्यावरून एवढी डोकी फुटली की सुमनच्या वडिलांनी कुठल्याशा जाणकाराकडून मशीनच करून घेतलं. घाटाच्या दोन्ही टोकांना दोन डोळे. खालच्या डोळ्यासमोरून बैल गेले की घड्याळ चालू, वरच्यासमोरून गेले की बंद. वेळ मोठ्या बोर्डावर दिसायची आणि कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठायची. संध्याकाळी निकाल त्या साठलेल्या वेळांवरून.

मग शर्यतींवर बंदी आली. मशीन माळ्यावर गेलं. बंदीच्या काळातच वडीलही गेले. बंदी उठल्यावर सुमनने मशीन खाली काढलं तर डिस्क ठार मेलेली. गावातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी तिला सांगितलं की ताई, हे भंगारात द्या. नवा कॉम्प्युटर घ्यावा तर त्या डोळ्यांच्या तारा जिथे जोडायच्या ती खाचच नव्यात नाही, आणि प्रोग्रॅम लिहिणारा कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. मग कुणीतरी तिला सांगितलं, मंचरला नाना आहेत, ते भंगारातले कॉम्प्युटर खोलत बसतात. हे खरं होतं. पण मी ते तांब्यासाठी खोलायचो. हे मात्र मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

ती समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "नाना, यात्रा तोंडावर आली. मशीन चाललं न्हाई तर कमिटी पुण्याहून मोबाईलवाला आननार हाय. एका घाटात नाव गेलं की सगळ्या घाटांत जातं. माझ्या आबांनी जमवलेल्या सगळ्या यात्रा एका दिसात जातील."

मी म्हटलं, बघतो. आमच्या धंद्यात बघतो म्हणजे जमलं तर माझं, नाही जमलं तर तुझं नशीब.

जुनी डिस्क कुठूनही मिळाली असती, पण ती म्हणजे आत गरगर फिरणारी तबकडी. आमच्या रस्त्यांवर टेम्पोत आदळून तिच्या वडिलांच्या दोन डिस्का आधीच गेल्या होत्या. फ्लॉपीवरून प्रोग्रॅम चालू व्हायचा, पण वेळा तिच्यावर साठवायच्या म्हटल्या तर घाटावर उधळलेल्या भंडाऱ्याने तासाभरात तिचा घसा बसायचा. न साठवून भागत नव्हतं, कारण घाटावर वीज जनरेटरची. जनरेटरला उचकी लागली की कॉम्प्युटरच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं.

मोबाईलवर शोधता शोधता मला कळलं की जुन्या कॅमेऱ्यांत बिस्किटाएवढं जे मेमरी कार्ड असतं, ते मुळात डिस्कचीच भाषा बोलतं. त्यात फिरणारं काही नाही, आदळलं तरी ढिम्म. फक्त त्याचं तोंड वेगळं. कॉम्प्युटरमधून डिस्ककडे चाळीस तारांचा चपटा पट्टा जातो. त्यातल्या सोळा तारांवरून माहिती ये-जा करते, काही तारा कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते सांगतात, काही आता वाच आणि आता लिही एवढंच म्हणतात. या पट्ट्याचं तोंड त्या कार्डाच्या तोंडाला जोडून द्यायचं, बस्स. तयार जोडणी मागवली होती, पण ती आली लॅपटॉपच्या मापाची. बदलून येईपर्यंत यात्रा उलटून गेली असती. मी सुमनला छातीठोकपणे सांगितलं की मीच करतो. आमच्या मंडळींनी घरातून एवढंच विचारलं की मोटारीचं वेटोळं आणि कॉम्प्युटर एकच का? मी म्हटलं, तार ती तार.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या पोराने जुनं कार्ड दिलं आणि ते बसवायची मोडकी खाच दिली. भोकाभोकांची प्लेट आणली, तिला झिरो पीसीबी म्हणतात. खाचेच्या टाचण्या इतक्या जवळ की दोन्हींमध्ये मुंगी उभी राहिली असती तर तिलाही चटका बसला असता. साधी वायर तिथे जाईना. तेव्हा पंख्याच्या वायंडिंगची बारीक तार काढली. वार्निश चढवलेलीच असते, एकमेकींवरून गेली तरी बिघडत नाही, टोकाला ब्लेडने खरवडलं की सोल्डरचा डाग बसतो. चष्म्यावर भिंग बांधून, ऐन दुपारच्या उजेडात, दुकानाच्या दारात बसून मी एकेक टाचणी जोडत गेलो. मोटार घेऊन आलेली गिऱ्हाइकं भोवती उभी राहून बघायची. एकाने विचारलं, नाना, स्वेटर विणताय का?

आता माझी करामत सांगतो. मोबाईलवरून उतरवून घेतलेल्या जोडणीच्या नकाशात सात तारांपुढे ग्राउंड असं लिहिलं होतं. ग्राउंड म्हणजे आपलं अर्थिंग, एवढं माझं ज्ञान. मी मनात म्हटलं, एवढ्याशा कार्डाला सात-सात अर्थिंग? या परदेशी लोकांना वेळ फार. एक जोडली, सहा सोडून दिल्या. शिवाय कार्डाचीही एक टाचणी ग्राउंडला न्या असं लिहिलं होतं. तीही सोडली. हयातभर प्लगची जाडी पिन मोडलेला माणूस दुसरं काय करणार?

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा कॉम्प्युटरने स्वच्छ सांगितलं की डिस्क नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. दोन दिवस डोकं खाजवल्यावर नकाशात त्या सोडलेल्या टाचणीपाशी बारीक अक्षरांत एक ओळ सापडली. हे कार्ड दोन सोंगं घेतं. चालू होताना ती टाचणी ग्राउंडला असेल तरच ते डिस्कचं सोंग घेतं, नाहीतर कॅमेऱ्यातलंच राहतं. मी निमूटपणे ती टाचणी जोडली. कॉम्प्युटरने डिस्क ओळखली. मला इतका आनंद झाला की समोरच्या दुकानातून पेढे आणून मी गिऱ्हाइकांना वाटले. नात झाली का, असं दोघांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन निमगाव साव्याला गेलो. सुमनने घरासमोरच्या बोळात दोन डोळे लावले आणि स्वतः स्कूटरवरून त्यांच्यामधून गेली. बोर्डावर वेळ आली पंधरा सेकंद तीस. साठवली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि साठवलेली वेळ वाचली तर पंधरा सेकंद दहा. स्कूटर दारात उभी होती आणि तरीही वेगात आली होती. पुन्हा पाहिलं. एकदा बरोबर यायचं, एकदा कमी व्हायचं.  सुमनने स्कूटर स्टँडला लावली आणि ओट्यावर बसली. मला त्या वेळी पेढे आठवले आणि फार लाज वाटली.

नेमके त्याच वेळी आमचे व्याही बबनराव तिथे टपकले. माझी मुलगी त्यांच्या घरात दिलेली. निरगुडसरचे बागायतदार, चार बैल पदरी, आणि घाटाचा राजा होण्याची हौस इतकी की मुलाच्या लग्नाची तारीख त्यांनी बैलांच्या सोयीने धरली होती. मी निमगावात आहे हे कळल्यावर मशीन बघायला आले होते. प्रकार ऐकून ते गंभीर झाले. मग मला बाजूला घेऊन गेले.

"व्याही," ते म्हणाले, "म्हंजी हे मशीन वेळ कमी करतं?"

मी म्हटलं, कधी करतं, कधी नाही.

"मंग दुरुस्त कशाला करता? राहू द्या की. जरा माझ्या बैलांकडं बघा. कोनाला काय कळनार?"

मी त्यांना सांगितलं की असं करता येत नाही, कुणाच्या वेळेला धक्का लागेल ते माझ्या हातात नाही. त्यांनी विचारलं, हातात असतं तर? मी म्हटलं, तरी नाही. मुलीचा बाप व्याह्याशी असं बोलत नाही आमच्याकडे. बबनरावांनी चहा अर्धा ठेवला आणि गाडीला किक मारली. संध्याकाळी मुलीचा फोन आला की मामंजी जेवले नाहीत, तुम्ही काय बोललात?

कार्डाची प्लेट पिशवीत घालून मंचरला परत येताना हायवेवर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग होती. कांद्याचे ट्रक जाताना तीन-तीन लायनी करून घुसलेले आणि येणाऱ्यांना एकच लेन उरलेली. कोण कुणाच्या अंगावर येतंय कळत नव्हतं. त्या गर्दीत एसटीत उभा असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते ग्राउंड म्हणजे अर्थिंग नव्हतंच. तो न्यूट्रल होता. तारेतून गेलेल्या करंटला परत यायला वाट लागते. सोळा तारा एकदम बोलायला लागल्या आणि परतीला एकच तार, तर एकीचं बोलणं दुसरीत शिरणारच. तिथे तिसाचे दहा होत होते. अर्थिंग सोडणारे आमच्या भागात गावभर सापडतील, पण न्यूट्रल सोडून पंखा चालू करायला सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. एक मी सोडून.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर उरलेल्या सहा तारा जोडल्या. ग्राइंडरची टेबलाखाली लोंबणारी तारही त्याच झटक्यात जोडून टाकली. मुलीला फोन करून तिच्या मामंजींना निरोप दिला की सोडलेल्या सहा तारा जोडल्या, आता मशीन वेळ कमी करणार नाही. मग पुन्हा निमगाव सावा. सुमनने या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिने दुपारभर बोळातून स्कूटर फिरवली, प्रत्येक वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि साठवलेली वेळ मोठ्याने वाचली. शेवटी तिची स्कूटर पेट्रोल संपून बंद पडली, पण एकही वेळ हलली नाही. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता चला घाटावर."

ती यात्रा कुठल्या गावची ते सांगत नाही. मला तिथे अजून जायचं असतं. घाटाच्या वरच्या अंगाला माचाणावर आमचं टेबल होतं. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या पोटात माझं ते विणलेलं कार्ड, आणि शेजारी मी, हातात उगाचच एक टेस्टर धरून. खाली माणसांचा समुद्र, हलगी, शिट्ट्या, आणि लाउडस्पीकरवरच्या माणसाचा आवाज डिंभ्याच्या धरणापर्यंत जाईल एवढा. प्रत्येक बारीला बोर्डावर आकडे पडायचे आणि मी कॉम्प्युटरला कान लावायचो. सुमन मात्र आपली वेळ साठवून पुढच्या गाड्याची वाट बघायची.

दुपार कलली तेव्हा बबनरावांचा गाडा सुटला. खोटं कशाला बोलू, बैल असे आले की मीही टेस्टर टाकून उभा राहिलो. अकरा सेकंद त्रेसष्ट. तोपर्यंतची सगळ्यात कमी वेळ. निरगुडसरची पोरं एवढी नाचली की मला वाटलं आता माचाण पडतं. बबनरावांनी खालून माझ्याकडे पाहिलं, पण हात काही वर केला नाही.

शेवटची बारी जुन्नरकडच्या एका गाड्याची होती. ते बैल बघायला काही फार नव्हते. पण चढले आणि बोर्डावर आकडा पडला, अकरा सेकंद अठ्ठावन्न. लाउडस्पीकरवाल्याने तो एकदा म्हटला, दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, आणि जनरेटर बंद पडला.

बोर्ड काळा. लाउडस्पीकर मुका. कॉम्प्युटर मेला. आणि सगळीकडे एकदम गलका. निरगुडसरची पोरं माचाणाखाली आली. कोण म्हणत होतं अठ्ठावन्न नव्हतेच, अडुसष्ट होते. कोण म्हणत होतं हे मशीन मोटारवाल्याने बनवलंय, त्याच्यावर काय भरोसा? त्यात तथ्य नव्हतं असं मीही म्हणू शकलो नसतो. कमिटीचे अध्यक्ष शिडी चढून वर आले आणि सुमनला म्हणाले, "पोरी, मशीनमंदी काय असंल ते सगळ्यांसमोर वाच. नसंल तर तसं सांग. पुढच्या साली मंग आमचं आमी बघू."

जनरेटर धापा टाकत पुन्हा चालू झाला. सुमनने फ्लॉपीवरून प्रोग्रॅम चढवला. पडद्यावरची ती हिरवी रेघ लुकलुकत होती आणि मी मनात नकाशातली एकेक टाचणी मोजत होतो. सहाही तारांचे डाग मी नीट बसवले होते का? एखादा थंड राहिला असेल तर?  मग सुमनने माइक ओढला आणि वादातल्या दोन वेळा वाचल्या. बबनरावांचा गाडा, अकरा त्रेसष्ट. जुन्नरकडचा गाडा, अकरा अठ्ठावन्न.

खालच्या एका पोराने बोर्डाचा मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. तो अध्यक्षांनी पाहिला, दोनदा पाहिला, आणि मान हलवली. जुळत होतं. तरी गलका थांबेना. मशीन बंद होऊन नव्याने चालू झालं, आता ते काहीपण सांगंल, असा एकाचा सूर. व्हिडिओ दुसऱ्याच बारीचा असंल, असा दुसऱ्याचा. माणसं हरली की त्यांना पुरावा पुरत नाही. अध्यक्ष सुमनकडे बघायला लागले आणि मला कळलं की ही बाई इथे खरी असूनही हरणार.

तेवढ्यात शिडीवरून बबनराव वर आले. अंगभर घाम आणि भंडारा.  त्यांनी सुमनच्या हातातून माइक घेतला, खाली त्यांच्याच पोरांकडे बघितलं आणि सावकाश बोलायला लागले.

"मंडळी, ह्या मशीनला कार्ड बसवनारा मानूस माझा सख्खा व्याही हाय. त्याची लेक माझ्या घरात भाकरी थापती. मशीन वेळ खोटी सांगत व्हतं तवा मी त्याला म्हणलं, राहू दे, माझ्या बैलांकडं बघ. त्यानं नाय बघितलं. दुसऱ्या दिशी दुरुस्त केलं. आता तुमीच बोला, मशीन खोटं असतं तर आज घाटाचा राजा कोन असता?"

 मग जुन्नरकडच्यांपैकी कुणीतरी हसलं, आणि ते हसू घाटभर पसरलं. निरगुडसरची पोरंही हसायला लागली. अध्यक्षांनी तिथल्या तिथे सुमनला पुढच्या वर्षीची सुपारी दिली. ती माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली, पण हलगीत ऐकू आलं नाही. मला बबनरावांचा त्या वेळी इतका अभिमान वाटला की मी उठून शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी पुसली. चारचौघांत आपली लबाडी माइकवरून सांगायची आणि तीही हरल्यावर, हे माझ्याच्याने झालं नसतं.

ते माझ्याशेजारी खुर्चीवर टेकले, उपरण्याने तोंड पुसलं आणि कॉम्प्युटरकडे वाकून बघितलं. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या कानाशी आले आणि अगदी हळू विचारलं,

"व्याही, त्या सहा तारा परत काढायला साधारन किती येळ लागतो?"